नडगीतला रॉड आणि माझे सात महिने

पायऱ्यांवरून पाय सटकला आणि नडगीचं हाड खालच्या बाजूला मोडलं, शेजारचं बारीक हाडपण. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. हाडाच्या पोकळीत वरून रॉड घातला, वर दोन आणि खाली दोन स्क्रू. बारीक हाडाला हातच लावला नाही, ते आपोआप जुळेल म्हणाले. मी मनात हिशेब करून मोकळा, लहानपणी हात मोडला होता तेव्हा दीड महिन्यात प्लास्टर निघालेलं, आता तर आत रॉड आहे म्हणजे त्याच्याही आधी.

कसलं काय. रॉड हाड जोडत नाही, फक्त सरळ धरून ठेवतो, जुळायचं ते हाडालाच जुळावं लागतं. नडगीला साधारण ४ ते ६ महिने लागतात, कधी जास्तही, कारण तिथे पुढून मांस नाहीच, कातडीखाली थेट हाड, रक्तपुरवठा बेताचा आणि खालच्या भागात तर अजूनच कमी.

६ आठवड्यांच्या एक्स-रेमध्ये फट जशीच्या तशी, फक्त कडेला जरा धुरकट. मी घाबरलो पण डॉक्टर खुश, म्हणे ते धुरकट म्हणजेच नवीन हाड. मग थोडं थोडं वजन टाकायला सांगितलं. किती म्हणजे २० किलो हे कळावं म्हणून घरच्या वजनकाट्यावर एक पाय ठेवून, वॉकर धरून प्रॅक्टिस करायचो, हसू नका, अंदाजाने टाकलेलं वजन भलतंच निघतं.

खरी परीक्षा चौथ्या महिन्यात. एका बाजूने रेघ अजून दिसतच होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सिगारेट चालू आहे का? होती. दिवसाला तीन-चार, "एवढ्याने काय होतंय" वाली. सिगारेटने हाड भरायला उशीर होतो हे ऑपरेशनच्या वेळीच सांगितलेलं, मी कानाआड केलेलं. त्या दिवशी बंद केली. शिवाय वरच्या दोनपैकी एक स्क्रू काढला, छोटंसंच काम, म्हणजे चालताना हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि त्या दाबाने जुळायला मदत होते. स्क्रू काढल्यावर जुळतं हे मला तेव्हा उलटंच वाटलं होतं.

सिगारेटमुळे का स्क्रूमुळे माहीत नाही, पण साडेसहा महिन्यांनी चारपैकी तीन बाजूंनी हाड भरलेलं दिसलं आणि सातव्या महिन्यात काठी सुटली. पोटरी मात्र अर्धी झालीये, संध्याकाळी घोटा अजून सुजतो, फिजिओ चालूच आहे. आणि गुडघा टेकवून बसलं की रॉड घातला त्या जागी कळ येते, ती बऱ्याच जणांना राहते म्हणे. रॉड काढायचा का विचारलं तर म्हणाले त्रास नसेल तर राहू दे आतच.