गोडॉट डिस्कवर टाकलं, पण फाईलीला शेपूट होतं

माझा स्वतःचा लॅपटॉप नाही. खानापूरला घरी दादाचा जुना डेस्कटॉप आणि बेळगावात क्लासची लॅब, या दोन मशीनवर मिळून गेम करायचा, त्यात लॅबचा पीसी रिस्टार्ट केला की सी ड्राईव्ह पाटी पुसल्यासारखा कोरा होतो. म्हणून गोडॉट हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं, इन्स्टॉलची भानगडच नाही, झिप सोडवायची आणि एक्सईवर डबलक्लिक. एक्सटर्नल हार्ड डिस्कवर टाकलं आणि वाटलं झालं.

कसलं काय. दुसऱ्या दिवशी उघडलं तर थीम, शॉर्टकट, प्रोजेक्टची यादी, सगळं गायब. एक्सई डिस्कवर असली तरी एडिटर आपलं सामान विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरात ठेवतो, म्हणजे सी वरच की. उपाय सोपा आहे, एक्सईच्या शेजारी अंडरस्कोर, एस, सी, अंडरस्कोर एवढ्याच नावाची रिकामी फाईल ठेवायची, मग तो सगळं तिथंच लिहितो. मी नोटपॅडात केली, ठेवली, तरी तेच! दोन दिवस गेले. शेवटी शेजारी बसणारा मित्र वैतागला, "काय करूलालास रे, एक्स्टेंशन तरी बघ की आधी." व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेंशन दाखवायची टिक केली तर नावामागं डॉट टीएक्सटीचं शेपूट. ते काढून परत उघडलं आणि एक्सईशेजारी एडिटर डेटा नावाचा फोल्डर उगवला. एक्स्पोर्टची, म्हणजे तयार गेम बाहेर काढायला लागणारी टेम्प्लेट्स पण त्यातच बसतात, ती जीबीच्या आसपास, रोज कोण उतरवणार.

मग घरी वेगळंच. लॅबमध्ये डिस्क ई ड्राईव्ह म्हणून लागते, दादाकडं एफ, आणि यादीत अख्खा पाथ असतो त्यामुळं प्रोजेक्ट मिसिंग दाखवतंय. लॅबमध्ये ॲडमिन पासवर्ड नाही, म्हणून घरच्याच पीसीवर डिस्क मॅनेजमेंटमधून ई करून टाकलं. त्या पीसीचं जुनं ग्राफिक्स व्हल्कनला, म्हणजे चित्र काढायच्या नव्या पद्धतीला, पण दाद देईना, सेटिंगमध्ये रेंडरर (चित्र काढणारा भाग) कम्पॅटिबिलिटी केला मग चाललं. हां, आणि डिस्क पुढच्या जुन्या यूएसबी पोर्टला लावू नका, फाईली इम्पोर्ट व्हायला चहा पिऊन यायची वेळ येते, मागचा निळा बघा.

परवा राजहंसगडाची लेव्हल लॅबमध्ये अर्धी केली, उरलेली घरी येऊन, काही परत लावायला लागलं नाही. दादा मात्र विचारतोय माझ्या पीसीवर काय काय टाकलायस, काहीच नाही म्हटलं तर त्याला पटेना.