चारशे सोळा, पुन्हा चारशे सोळा

धाकटीला पुण्याला बेदाणे पाठवायचे होते. खोक्याला चिकटपट्टी लावली, तिचा पत्ता घातला, आणि खाली 'प्रेषक' लिहिल्यावर हात आपोआप चालत गेला: सांगली ४१६४१६.

हा आकडा आजोबांनी पाठ करून घेतलेला. पिनकोड आले १९७२ साली. आजोबांना ते इतके आवडले की आंतर्देशीय पत्रावरचे सहा चौकोन भरायचं काम माझ्याकडे आलं. "चारशे सोळा, पुन्हा चारशे सोळा. विसरायला जागाच नाही." एकदा गावभागातल्या वाड्याच्या ओसरीवर त्यांनी पाटी पुढे सरकवली. "सातानं भाग." गेला की! ५९४८८. "आता अकरानं." तोही गेला, ५४०८. "आता तेरानं." आणि पाटीवर परत ४१६!

कुठलाही तीन आकडी आकडा दोनदा लिहिला की हेच होतं, कारण सात, अकरा, तेरांचा गुणाकार एक हजार एक. हे मात्र आजोबांनी सांगितलं नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं मी ती सांगलीचीच करामत समजत होते. मिरजेच्या मावसभावाला ऐकवलंसुद्धा. त्याच्या ४१६४१० ला सातानं भागलं तर एक उरतो. "तुम्ही आपले तंबोरे करा," म्हटलं. तो आठवडाभर बोलला नाही.

पुढे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या संख्या भेटल्या. लोक त्यांच्या ६१७४ वर खूश असतात, माझा जीव हर्षद संख्येवर. अंकांच्या बेरजेनं संख्येला पुरा भाग जायला हवा. आमची बेरीज २२, भागाकार १८९२८, बाकी शून्य. म्हणजे सांगली हर्षद! स्वयंभू मात्र नाही. कापरेकरांची स्वयंभू संख्या कुठल्याच संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून येत नाही. इथे ४१६३८७ मध्ये २९ मिळवले की आम्ही हजर. बरोबरच आहे म्हणा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वाटणी घेऊन आले, तेव्हा कुठे सांगलीचं संस्थान झालं. हे मावसभावाला अजून सांगितलेलं नाही.

काल त्या खोक्याकडे बघत बसले. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, वाड्याची मागची भिंत बसली, आणि आम्ही विश्रामबागेत आलो. इथला पिन ४१६४१५. बेरीज २१, भाग जात नाही. सातानंही नाही, अकरानंही नाही, तेरानंही नाही.

सहाचा पाच करायला गेले, तर दोन्ही दिसेनात. मग पूर्ण ओळच खोडली आणि खाली नव्यानं लिहिली.