तुम्ही विचारलंत म्हणून: चुकलेल्या कंट्रोलरला घरी का बसवत नाहीत?

डिसेंबर 2025मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून, मी हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केली आहे हे कळले की आमच्या अलिबागकडची माणसे हमखास विचारतात: कंट्रोलरच्या चुकीमुळे दोन विमाने एकमेकांच्या जवळ आली, तर त्याला कायमचे घरी का बसवत नाहीत? या विमानांच्या वाटेखाली आपली घरे आहेत, तेव्हा ही काळजी रास्तच आहे.

आधी ‘जवळ’ म्हणजे किती, ते सांगतो. विमानतळाच्या परिसरात रडारवर दोन विमानांमध्ये साधारणपणे 3 सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, आडवे अंतर किंवा 1000 फूट उभे अंतर, यांपैकी एक तरी असावेच लागते. म्हणून ‘अंतराचा भंग’ अशी बातमी येते तेव्हा कधी कधी तीनऐवजी अडीच मैल उरलेले असतात. ही बाब किरकोळ नव्हे, तिची चौकशी व्हायलाच हवी. परंतु माणूस कधीतरी चुकणार हे धरूनच हे अंतर आखलेले असते.

पावसाळ्यात किनाऱ्यावर ढग चढू लागले की ते टाळण्यासाठी एकेक वैमानिक वळण्याची परवानगी मागतो, आखलेले मार्ग विस्कटतात आणि एकाच फ्रीक्वेन्सीवर सगळ्यांची बोलण्याची घाई होते. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायची आणि कंट्रोलरने ती पडताळायची, हा नियम अशा घाईसाठीच आहे; पण मनात जे असते तेच कानाला ऐकू येते, आणि मिळतेजुळते क्रमांक असले की घोटाळ्याला वाव मिळतो.

जपानमध्ये 31 जानेवारी 2001 रोजी नेमके तेच झाले. शिकाऊ कंट्रोलरला जपान एअरलाइन्सचे 958 क्रमांकाचे विमान खाली आणायचे होते, पण तोंडून 907 या दुसऱ्या विमानाचे नाव गेले, आणि देखरेख करणाऱ्याच्याही ते वेळीच लक्षात आले नाही. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा 907ला ‘वर चढा’ आणि 958ला ‘खाली उतरा’ असे सांगत होती. 907च्या वैमानिकाने कंट्रोलरचे ऐकले, त्यामुळे दोन्ही विमाने एकाच वेळी खाली येऊ लागली. अखेरच्या क्षणी टक्कर टळली. शंभराच्या आसपास माणसे जखमी झाली. दोन्ही कंट्रोलर दोषी असल्याचा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये कायम केला. परंतु यंत्र आणि कंट्रोलर परस्परविरोधी आज्ञा देत असतील तर वैमानिकाने कोणाचे ऐकायचे, हा खरा प्रश्न त्या घटनेने जगापुढे ठेवला होता, आणि त्याचे निःसंदिग्ध उत्तर वेळेत दिले गेले नाही. 1 जुलै 2002च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनवर हाच पेच पुन्हा पडला, दोन विमानांची टक्कर झाली आणि 71 माणसे गेली. त्यानंतरच टीकॅसची आज्ञा कंट्रोलरच्या सूचनेपेक्षा वरचढ, हे नियमांत स्पष्ट झाले.

त्या रात्री तिथल्या आकाशाचे नियंत्रण करणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन टेबले सांभाळत होता, आणि दुरुस्तीच्या कामामुळे धोक्याची एक सूचना व टेलिफोनची मुख्य लाइन बंद होती. त्याच्याकडून चूक झाली, हे मी नाकारत नाही. मात्र त्याला तशा अवस्थेत बसवणाऱ्यांची चूक मला अधिक मोठी वाटते. स्विस न्यायालयाने 2007मध्ये नियंत्रण कंपनीच्या चार जणांना दोषी धरले. त्याच्या कितीतरी आधी, 2004मध्ये, त्या कंट्रोलरचा अपघातात कुटुंब गमावलेल्या एका माणसाने खून केला होता.

आपल्याकडे हरियाणातल्या चरखी दादरीला 12 नोव्हेंबर 1996 रोजी दोन विमानांची हवेत टक्कर होऊन 349 माणसे गेली. तिथे कंट्रोलरने दिलेली उंची बरोबर होती, कझाक विमान त्या उंचीच्या खाली उतरले. पण दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नसे, त्यामुळे ते त्याला कळणार तरी कसे? त्यानंतर उंची दाखवणारे रडार आले, टीकॅस सक्तीचे झाले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या.

चुकलेल्या कंट्रोलरला तात्पुरते कामावरून बाजूला करणे, त्याची चौकशी करणे आणि पुन्हा तयारी तपासूनच त्याला खुर्चीवर बसवणे मला मान्य आहे. दारू पिऊन किंवा जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याची गय नको. पण प्रामाणिक चुकीसाठी नोकरी जाऊ लागली, तर लहान चुका कोणी कळवणारच नाही. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन विमानतळ इतके शेजारी-शेजारी असताना, कोणत्या वळणावर आणि कोणत्या वेळी गोंधळ होतो ते या लहान नोंदींमधूनच समजते. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली की, त्या पाळीला किती माणसे होती आणि आधीच्या नोंदीनंतर काय बदलले, हे विचारा.