चार हजारांवरची खाच

लोटे परशुरामच्या एका कारखान्यात कामगारांची श्रवणचाचणी होती. जून महिना, बाहेर धो धो, आणि प्रथमोपचार खोलीवर पत्रा. पंखा बंद, दारं बंद, तरी ५०० हर्ट्झच्या जाड सुराला जो तो ३५ डेसिबलवर, म्हणजे सूर इतका मोठा केल्यावरच ऐकू येई. सगळेच बहिरे कसे? हेडफोनची गादी बारीक सूर अडवते, पावसाचा घुमारा मात्र आत येतोच. मी सर ओसरेपर्यंत थांबले.

मग कॉम्प्रेसर हाऊसचे ऑपरेटर आले. १९ वर्षं त्याच जागी.

"मॅडम, आवाज येतो, पण बोल कळत नाहीत."

फोनवर 'साठ' म्हटलं की त्यांना 'आठ' ऐकू येतं. स, श, फ आधी जातात, स्वर टिकून राहतात. म्हणून कान शाबूत आहेत असंच माणसाला वाटतं.

सूर ऐकू आला की १० ने खाली, नाही आला की ५ ने वर, असं मोजत गेले. १००० हर्ट्झला २० डेसिबल, २००० ला २५, ४००० ला एकदम ६५, ८००० ला परत ४०. वयाचा बहिरेपणा असता तर आलेखाची रेघ ८००० ला आणखी घसरली असती. मधेच पडलेली ही खाच गोंगाटाची.

विचारल्यावर कळलं, स्वारी रात्रपाळी संपवून थेट आलेली. चाचणीआधी निदान १४ तास कान शांततेत हवेत. साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळीवर जाण्याआधी परत बोलावलं. ४००० ला ५०. म्हणजे १५ डेसिबलचा कानाचा तात्पुरता थकवा होता, तो उतरला. उरलं ते कायमचं, कानातल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. (शिमगा नव्हता हे बरं. पालखीपुढे ढोल बडवून आलेल्याची सुट्टी मोजण्यात अर्थ नाही.)

प्लग होते, खिशात, तेलकट. घालून दाखवले तर अर्धे बाहेर. फोमचा प्लग उदबत्तीसारखा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग सरकवून अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचा. समोरून दिसला तर बसला नाही.

"पूर्ण घातला की मशीनची ठोक कळत नाही हो."

ही अडचण खरी आहे. आवाजाचा मीटर घेऊन त्यांच्या जागी गेले: ९७ डेसिबल. नियमानं ९० ला जास्तीत जास्त ८ तास थांबायचं, ९७ ला ३. प्लगच्या पाकिटावर २९ डेसिबलची घट छापलेली; प्रत्यक्षात धरायची ती त्यातून ७ वजा, उरलेल्याचं निम्मं, म्हणजे ११. नीट घातला तर कानात ८६.

पण मशीनचं रीडिंग घ्यायचं काम तासातून एकदा, पाच मिनिटांचं. बाकी वेळ ते तिथं बसत, कारण लॉगबुकाचं टेबल तिथं होतं. भिंतीपलीकडे मीटर ८२ दाखवत होता.