हिरवा लसूण, दुसऱ्या खेपेला

बीजिंगमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी लसणाची अख्खी बरणी वाया घालवली. खालच्या मजल्यावरच्या आयींनी (‘आयी’ म्हणजे चिनीत मावशी, हे आईला फोनवर पटवता पटवता पुरेवाट झाली) कृती सोपी सांगितली होती. चिनी बाराव्या महिन्याच्या अष्टमीला, म्हणजे ‘लाबा’ला, सोललेला लसूण व्हिनेगरमध्ये घालायचा. वर्ष संपेपर्यंत तो हिरवा होतो. माझा तपकिरी झाला.

पुढच्या वर्षी लाबा ७ जानेवारी २०२५ ला आला. आमच्याकडे त्याच दिवशी शाकंभरी नवरात्र बसलं. “देवीच्या नवरात्रात लसूण सोलत बसलीस?” आई म्हणाली. मी विषय बदलला.

या खेपेला आयी शेजारी बसल्या आणि चुका दाखवत गेल्या. मी ज्वारीचं काळं, मुरलेलं शान्शी व्हिनेगर वापरलं होतं. त्यात रंग कसा दिसणार? इथे तांदळाचं फिकं व्हिनेगर लागतं. दुसरी चूक मोठी होती. बीजिंगमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून घरोघरी हीटर सुरू होतो आणि माझा लसूण त्याच्याच वरच्या फळीवर होता. थंडी सोसलेला लसूण कोंब फुटायच्या तयारीला लागतो. मग आंबटात पडला की त्यातल्या गंधकाच्या संयुगांपासून हिरवा रंग तयार होतो. उबेत बसलेला लसूण ढिम्म राहतो. म्हणून आधी आठवडाभर फ्रिज. मग पाकळ्या सोलायच्या, बुडाचा कडक भाग कापायचा म्हणजे व्हिनेगर आत शिरतं, चिमूटभर साखर, आणि बरणी कोरडी ठणठणीत. एवढं तर आपल्या लोणच्यांनी शिकवलेलंच आहे.

चौथ्या दिवशी टोकं हिरवी झाली, दहाव्या दिवशी सगळा लसूण पाचूसारखा. माहिती नसती तर बुरशी समजून फेकला असता.

सोलता सोलता आयींनी खरी गंमत सांगितली. लसूण म्हणजे ‘सुआन’, आणि हिशेब करणं म्हणजेही ‘सुआन’. उच्चार एकच. जुन्या बीजिंगमध्ये दुकानदार लाबाला वर्षाचे हिशेब मांडत. ज्याची बाकी थकली असेल त्याच्याकडे म्हणे हा लसूण जाई. तोंडाने मागायची लाज नाही, समोरच्याला कळल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच गल्लीत हा लसूण कुणी ओरडून विकत नसे. विक्रेत्याची हाक म्हणजे चारचौघांत वसुलीच. आपल्याकडची ‘आज रोख, उद्या उधार’ पाटी त्यापुढे फारच उघडी वाटते.

२८ जानेवारीच्या रात्री, वर्षाच्या शेवटच्या जेवणाला, ताटातला जवळपास प्रत्येक जिन्नस असाच दुसरं काहीतरी बोलत होता. मासा ‘यू’, म्हणजे शिल्लकही, म्हणून तो पूर्ण संपवायचा नाही. जिआओझच्या (सारण भरलेल्या, करंजीसारख्या चिनी डंपलिंगच्या) सारणातली ‘जिउ’ पात, लसणाचीच भाऊबंद, म्हणजे ‘दीर्घकाळ’. मुरड मात्र माझी चांगली जमली, करंज्यांची कृपा. सोबत हिरवा लसूण: तिखटपणा गेलेला, कुरकुरीत, आंबटगोड. बरणीतलं व्हिनेगर जिआओझ बुडवायला.

निघताना आयींनी त्यांच्या लसणाची एक बरणी हातात दिली. जिना चढता चढता मी नवऱ्याला हळूच विचारलं, “आपण यांचं काही देणं लागतो का रे?”

डिसेंबरात त्यांनी भरलेले पार्सलचे चाळीस युआन निघाले.