वारली चित्र गॅलरीत नेताना

वारली चित्रांच्या प्रदर्शनात पाटी बऱ्याचदा अशी असते: 'वारली, डहाणू, कापडावर रंग'. चित्रकाराचं नाव नाही. हुसेन यांच्या चित्राखाली नुसतं 'मुंबई, कॅनव्हास' लिहून भागलं असतं का? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं 1989 साली पॅरिसला जगभरच्या समकालीन कलावंतांसोबत मांडली गेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरी कित्येक वारली चित्रकार अजून जमातीच्या नावावरच खपतात.

मानववंशशास्त्रातून आलेला स्वतंत्र क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची मांडणी ठरवणारा, चित्रं निवडायच्या आधी विचारपूस करतो. लग्नाचा चौक, म्हणजे घराच्या भिंतीवरचं विधीचं चित्र, सवाशिणी तांदळाच्या पिठानं काढतात, आत लग्नाची पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी पाड्यांवर कागद नेला, त्यानंतर विकायचं चित्र बव्हंशी पुरुषांच्या हाती गेलं. म्हणून गॅलरीच्या भिंतीवर चौक काढून घेतला, तर पाटीवर 'प्रदर्शनासाठी, विधीविना' हे हवंच. आणि काढणारा पुरुष असेल तर तेही.

दुसरा प्रश्न: पांढरा कोणता? तांदळाचं पीठ आणि डिंक असेल तर कसर नि झुरळं ते खातात. पोस्टर कलर आणि फेव्हिकॉल असेल तर किडीची भीती कमी. खाली गेरू किंवा शेण सारवलेलं कापड असतं. त्याची घडी घातली की घडीवर थर फुटतो, आणि ती रेघ पुन्हा बुजत नाही. गुंडाळायचंच तर 15 सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून. आत ठेवलं की थर दाबला जाऊन सुटतो. निघताना आणि पोचल्यावर पुढून-मागून फोटो. बॅटरी बाजूनं तिरकी धरली की सुटलेले पोपडे लगेच दिसतात. उजेड मंद, 50 लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला चित्र टेकवू नये, मागून बुरशी धरते.

सगळ्यात जास्त घोळ करारात होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तयार चित्र विकलं तरी हक्क चित्रकाराकडेच राहतो. पण पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळं लिहिलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. मग तेच चित्र कॅलेंडरवर आणि साडीवर छापलं जातं, चित्रकाराला एक रुपयाही न देता. 'छपाईचा हक्क चित्रकाराचा' ही एक ओळ मराठीत लिहून, वाचून दाखवून, सहीच्या वर घालावी.