मनाई हुकुमाचा सोमवार

२३ ऑगस्ट २०१० रोजी, सोमवारी, मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या मूळपेशींचा (ज्यांपासून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते अशा पेशींचा) पोषकद्राव बदलत होतो. हे काम रोज करावे लागते, रविवारीही. हयगय झाली तर पेशींच्या पुंजक्यांच्या, म्हणजे वसाहतींच्या, रेखीव कडा विस्कटतात आणि पेशी वाटेल तशा बदलू लागतात. त्याच वेळी आमच्या प्रमुख बाई आत आल्या आणि न्यायालयाने या संशोधनाच्या केंद्रीय अनुदानाला मनाई केल्याचे त्यांनी सांगितले. आमच्या अनुदानाचे नूतनीकरण महिन्याभरावर आले होते. शक्य तितक्या पेशी गोठवून ठेवा, एवढेच त्या म्हणाल्या.

न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांचा आदेश मी त्या रात्री दोनदा वाचला. ज्या संशोधनात भ्रूण नष्ट होतात त्याला सरकारी पैसा देऊ नये, ही डिकी-विकर तरतूद १९९६ पासून दरवर्षी केंद्र सरकारच्या खर्चाच्या विधेयकाला जोडली जाते. भ्रूणातून पेशी काढणे वेगळे आणि पुढे त्या पेशींवर संशोधन करणे वेगळे, असा अर्थ क्लिंटन यांच्या काळापासून सरकार लावत आले होते. लॅम्बर्थ यांनी ते सारे एकच संशोधन मानले. हा अर्थ टिकला असता, तर या संशोधनाला अधिक मोकळीक देणारे ओबामांचे २००९ चे धोरणच काय, बुश यांनी २००१ मध्ये जुन्या पेशीवंशांना (आधीच काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींना) दिलेली मुभाही धोक्यात आली असती. दावा लावणारे दोघे प्रौढ मूळपेशींवर, म्हणजे भ्रूणाऐवजी जन्मलेल्या माणसाच्या शरीरातून मिळणाऱ्या मूळपेशींवर, काम करणारे संशोधक होते आणि अनुदानासाठी स्पर्धा वाढली, या मुद्द्यावर त्यांना दाद मागता आली होती.

माझ्या शेजारी काम करणारी सहकारी श्रद्धाळू कॅथलिक होती. या पेशींना हात लावणार नाही, हे तिने रुजू होतानाच सांगितले होते. वंध्यत्वाच्या उपचारांतून उरलेला, आईवडिलांनी लेखी संमतीने दिलेला भ्रूणही तिच्या लेखी पूर्ण माणूसच होता. जो भ्रूण एरवी टाकूनच दिला जाणार, त्यातून पार्किन्सनच्या रोग्यासाठी काही हाती लागत असेल तर ते करावे, असे मला आजही मनापासून वाटते. पण आम्ही ज्यावर इतके प्रामाणिकपणे भांडलो, तो प्रश्न बाजूला राहून विधेयकातल्या एका वाक्याच्या अर्थावर आमचे काम थांबावे, याचे मला फार वाईट वाटले.

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. "तुझी बाकीची कामे माझ्याकडे दे," म्हणाली आणि रात्री दहापर्यंत तिने माझ्या दुसऱ्या प्रकल्पातल्या उंदरांच्या पेशी सांभाळल्या. मी कुप्या भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवत होतो.

९ सप्टेंबरला वरच्या न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली आणि जुलै २०११ मध्ये लॅम्बर्थ यांनीच तो दावा फेटाळला. मधल्या १७ दिवसांत घाईने गोठवलेल्या कुप्यांपैकी निम्म्याअधिक, बाहेर काढल्यावर पुन्हा वाढल्याच नाहीत.